टाकी खाली आहे! – एक शब्द, दोन कान

कांजूरकर
धागा काढायला निमित्त आमच्या सोसायटीतलं आहे. गेल्या रविवारी प्लंबर आला होता, त्याला जमिनीखालची टाकी दाखवायची होती. आमच्या बाबांनी गॅलरीतून वॉचमनला ओरडून सांगितलं, "अरे, टाकी खाली आहे, खाली!" वॉचमन दोनच महिन्यांपूर्वी गोरखपूरहून आलेला. त्याने ऐकलं ते 'टाकी रिकामी आहे'. धावत जाऊन त्याने पंप चालू केला. गच्चीवरची टाकी तर सकाळीच भरलेली. वीस मिनिटं पाणी पागोळ्यांसारखं गळत होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले साबुदाण्याचे पापड पार लगदा झाले.

संध्याकाळी मीटिंगमध्ये सगळे त्या मुलावर तुटून पडले. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "साहब ने ही तो बोला, टाकी खाली है." शेवटी बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "त्याने जे ऐकलं ते त्याच्या भाषेत बरोबर आहे. मी जे बोललो ते माझ्या भाषेत बरोबर आहे. मग चूक कोणाची?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून दोन गोष्टी विचारतो. तुम्हाला असे कुठले शब्द अडले? आणि हा 'खाली' मुळात एकच शब्द आहे का, जो दोन वाटांना गेला? की दोन वेगळे शब्द एकाच रूपात येऊन भेटले?

ओवी
पापडांबद्दल वाईट वाटलं. पण बाबांना नमस्कार सांगा.

देववाणी
एकच शब्द असणार. जे खालच्या अंगाला असतं ते खोलगट, पोकळ, म्हणजेच रिकामं. आपल्या भाषांतले बहुतेक शब्द संस्कृतातूनच आले आहेत, थोडं खोदलं की मूळ सापडतं.

टॅक्सीतला_प्रवासी
'खाली है क्या?' हे वाक्य मुंबईत रोज किती वेळा बोललं जात असेल! माझ्या आजीला टॅक्सी थांबवून हेच विचारायला शिकवलं होतं. ती म्हणायची, "टॅक्सी खालीच असणार की रे, वर कशी असेल?" ती विनोद करत नव्हती, खरंच विचारत होती.

अक्षरवेल
देववाणी, इथे नम्रपणे असहमत. हिंदीतला खाली म्हणजे रिकामा, हा अरबी शब्द. तो फारसीतून आपल्याकडे आला आणि उर्दूत अजून तो ख घशातून उच्चारतात, नागरीत लिहिताना त्या ख च्या खाली नुक्ता म्हणजे टिंब देतात. आपला खाली हा 'खाल'वरचा, खाल म्हणजे सखल भाग. कोकणात किनाऱ्यालगतच्या सखल पट्टीला खलाटी आणि डोंगराकडच्या भागाला वलाटी म्हणतात, त्यातलाच हा खाल. दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. मराठीने अरबी ख आणि आपला ख एकाच अक्षरात लिहिला आणि दोन परके शब्द जुळे भाऊ दिसू लागले.

गंमत अशी की अरबी 'खाली' मराठीतही एका कोपऱ्यात सुखाने नांदतो. तबला शिकलेल्या कोणालाही विचारा, तीनतालात नवव्या मात्रेला काय असतं? खाली. हाताची टाळी न देता हात रिकामा सोडायचा, म्हणून खाली. मराठी मुलांना वाटतं की हात 'खाली' नेतात म्हणून. मलाही कितीतरी वर्षं तसंच वाटत होतं.

षड्ज
तबल्याचा विषय निघाला म्हणून. मी गाणं शिकते. कॉलेजात एक लखनौची मैत्रीण होती. एकदा चिडून तिला म्हणाले, "तू अशी वागतेस ना, मला राग येतो." ती एकदम खूश, "कौन सा?"

मी तेव्हा हसले, पण नंतर गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, राग म्हणजे मुळात रंग चढणं. रंज् धातू, रंगवणे. मन एखाद्या रंगात बुडालं की राग. अनुराग त्यातलाच, विरागही त्यातलाच. हिंदीत सुरांचा रंग उरला, मराठीत सूरही आहेत आणि डोळ्यांत उतरणारा लाल रंगही. बंगालीतही राग म्हणजे चिडणंच. म्हणजे हा कांजूरकरांच्या पहिल्या प्रकारातला शब्द झाला, एक झाड आणि दोन फांद्या.

वरणभात
शिक्षा! आमच्या समोरच्या घरात बिहारचं कुटुंब राहायला आलं. त्यांची बाई कौतुकाने म्हणाली, "बच्चों की शिक्षा के लिए मुंबई आए." माझ्या आईने मला हळूच विचारलं, "काय केलं असेल गं पोरांनी?"

उडपीचा_मुंबईकर
वरणभात, तुमच्या आईंना सांगा, कन्नडमध्येही शिक्षे म्हणजे दंडच. तेलुगू, मल्याळमलाही तेच. हिंदी आणि बंगालीत मात्र शिकणं. संस्कृतात शिक्षा हे सहा वेदांगांपैकी एक, उच्चार कसे करावेत ते शिकवणारं. आम्ही दक्षिणेकडचे आणि तुम्ही मराठी लोक छडीच्या बाजूला उभे राहिलो.

आणखी एक. हिंदीत उपन्यास म्हणजे कादंबरी. आमच्याकडे उपन्यास म्हणजे व्याख्यान. देवळात संध्याकाळी 'उपन्यास' आहे म्हटलं की पुराणिकबुवा येणार. कादंबरीला आम्ही तुमच्यासारखंच कादंबरी म्हणतो. बाणभट्टाने सातव्या शतकात ज्या नायिकेची कथा लिहिली तिचं नाव कादंबरी, आणि त्या एका मुलीचं नाव आपण दोन्ही भाषांत सगळ्या लांब गोष्टींना देऊन टाकलं. मला हे फार आवडतं.

मल्याळी मित्राला एकदा म्हणालो, "तुझा संसार कसा चाललाय?" मल्याळममध्ये संसारम् म्हणजे बोलणं. त्याला वाटलं मी त्याच्या बोलण्याबद्दल तक्रार करतोय.

गिरगावकर_नाना
आमचं टोपणनावच घ्या. मराठीत नाना म्हणजे घरातला मोठा माणूस. हिंदीत आईचे वडील. तेलुगूत नान्ना म्हणजे बाप. संस्कृतात नाना म्हणजे तऱ्हेतऱ्हेचे. जपानीत नाना म्हणजे सात! ग्रँट रोडला नाना चौक आहे, जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाचा (१८०३–१८६५). एका हिंदी भाषक पाहुण्याने मला विचारलं होतं, "किसके नाना?" मी म्हणालो, अख्ख्या मुंबईचे. माणसाने शाळा काढल्या, रेल्वेसाठी खटपट केली, त्याला दुसरं काय म्हणणार.

सिस्टरताई
मी एका सरकारी रुग्णालयात नर्स आहे. आमच्याकडे हा विषय हसण्यावारी नेता येत नाही.

एक आजी आल्या होत्या, पोट धरून. उत्तरेकडून शिकायला आलेला नवा डॉक्टर तपासत होता. आजी म्हणाल्या, "कळ येते, डॉक्टर, कळ." त्याने ऐकलं 'कल'. त्याने विचारलं, "कल आया था? या अभी है?" आजींना वाटलं हा उद्या ये म्हणतोय. त्या उठून निघाल्या. मी दारात अडवलं त्यांना. अपेंडिक्स होतं.

तेव्हापासून मी नव्या डॉक्टरांना वहीच्या मागच्या पानावर यादी लिहून देते. कळ, उसण, मळमळ, ठणका, जीव घाबरा होणे. ळ ऐकायची सवय नसेल तर कानाला तो ल वाटतो, त्यात त्यांचा दोष नाही. पण यादी पाठ करायलाच लावते.

ओवी
सिस्टरताई, अंगावर काटा आला वाचून. आणि 'कळ' तरी किती प्रकारची! यंत्राची कळ दाबायची ती, कळ सोसायची ती, आणि मला हे आज कळलं, तीही.

मनोगती
माझं स्पष्ट मत, मुंबईत काम करायचं तर मराठी शिका. वॉचमन असो की डॉक्टर. मग असे घोळ होणारच नाहीत.

टॅक्सीतला_प्रवासी
@मनोगती, शिकावी हे पटतं. पण दोन महिन्यांत कोणाला येते? आणि 'खाली' हा त्याच्या ओळखीचाच शब्द होता. अनोळखी शब्द असला तर माणूस परत विचारतो. ओळखीचा वाटला की विचारत नाही, सरळ कामाला लागतो. खरी अडचण ओळखीच्या चेहऱ्याची आहे.

सिस्टरताई
अगदी हेच. अनोळखी शब्दाने आमच्याकडे कधी घोटाळा झाला नाही.

पाववाला
बेकरी आमची, म्हणून हक्काने लिहितो. पाव. वडापावमधला पाव पोर्तुगीजांचा, त्यांच्या 'पांव' या ब्रेडच्या शब्दावरून. पाव किलोमधला पाव संस्कृत पाद, म्हणजे चौथा हिस्सा. आणि 'देवा, पाव रे बाबा' मधला पाव हा पावणे या क्रियापदाचा, ज्याच्या मागे संस्कृतातला प्राप् आहे.

पहाटे तीनला भट्टी पेटते. गणपतीत एकदा मैद्याची गाडी अडकली होती, ती साडेचारला आली तेव्हा माझे वडील म्हणाले, "देव पावला, आता पाव होईल." तेव्हा मी दहा वर्षांचा. त्या एका वाक्यात दोन देशांचे शब्द होते हे आज इथे लिहिताना लक्षात येतंय. आमच्याकडे पावांची जी जोडलेली चौकट निघते तिला लादी म्हणतात. घरातल्या फरशीलाही लादीच. पाव चिकटून एका सपाट तुकड्यासारखे बाहेर येतात, म्हणून असेल.

बेस्टप्रेमी
पाव तिहेरी असेल तर माझा बसही तिहेरी. "बसमध्ये बस, बस झाली चर्चा." बसणे हे जुन्या मराठीतलं बैसणे, मागे संस्कृत उप-विश्. पुरे या अर्थाचा बस फारसी. आणि गाडीची बस म्हणजे ओम्निबस या लॅटिन शब्दाची नुसती शेपटी. ओम्निबस म्हणजे 'सगळ्यांसाठी'. त्यातला 'सगळे' गळून गेला, 'साठी' सांगणारा प्रत्यय उरला, आणि त्या प्रत्ययात आपण रोज चढतो. मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. तेव्हापासून कंडक्टर 'बसून घ्या' म्हणतोय.

वरणभात
जाम पण! रस्त्यात जाम, पावाला जाम, पांढरा-गुलाबी पाणीदार जाम फळ, उर्दू शायरीतला जाम म्हणजे पेला, आणि 'जाम भारी'.

जहाजी
मर्चंट नेव्हीत बावीस वर्षं काढली, जरा लांबून दोन आणतो.

पहिल्यांदा इंडोनेशियात उतरलो, सुरबायाला. तिथे 'चिंता' म्हणजे प्रेम. शब्द आपलाच, संस्कृतातला. मनात सतत घोळत राहणं एवढाच मूळ अर्थ, त्याला आपण काळजी म्हणालो, ते प्रेम म्हणाले. बंदरावर दुकानांच्या पाट्यांवर, गाण्यांत, सगळीकडे चिंता चिंता. मी घरी बायकोला फोन केला की ती म्हणायची, "तुमची फार चिंता वाटते." तिथून परतल्यावर तिला सांगितलं की त्या देशात हे वाक्य कसं ऐकू येतं. त्यानंतर ती ते वाक्य म्हणताना थोडी थांबते.

दुसरा, पगार. आपला पगार पोर्तुगीज, त्यांच्याकडे पगार म्हणजे पैसे चुकते करणं. मलय आणि इंडोनेशियन भाषेत पगार म्हणजे कुंपण. तो त्यांचा स्वतःचा शब्द, पोर्तुगीजांशी संबंध नाही. राग एका झाडाच्या दोन फांद्या असेल, तर पगार म्हणजे दोन वेगळी झाडं, लांबून एकसारखी दिसणारी.

आणि पेरू. आपलं फळ. पोर्तुगीजमध्ये पेरू म्हणजे टर्की पक्षी! इंग्रज त्याच पक्ष्याला तुर्कस्तानचं नाव देतात, आणि तुर्क स्वतः त्याला म्हणतात 'हिंदी'. तो पक्षी मूळचा अमेरिकेतला. प्रत्येकाने तो दुसऱ्याच कुठल्या तरी देशातून आला असं मानलं.

शेतावरची
जहाजी, आमच्या गावाकडे पेरू म्हणजे "यंदा हरभरा पेरू" मधलाही. :)

ओवी
धागा वाचनखूण केला. मामाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे वडील! आणि आईला देदा म्हणतात. आपल्याकडे आईचा भाऊ. बाळाचे ओठ मिटून उघडले की मा आणि बा आपोआप निघतात, त्या आवाजाला जवळच्या कुठल्या माणसाशी जोडायचं हे प्रत्येक भाषेने आपापलं ठरवलं. पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा, हे मला दिल्लीत कळलं. पन्नाशीच्या रिक्षावाल्याला 'काका' म्हणाले आणि तो ओळख नसताना मुलीशी बोलावं तसा मायेने बोलायला लागला.

देववाणी
अक्षरवेल, मी घरी येऊन कोश उघडला. खालीबद्दलचं माझं मत मागे घेतो. पण मग सामान्य माणसाने ओळखायचं कसं? दिसायला तर सारखेच.

अक्षरवेल
मनापासून आभार, देववाणी. ओळखायचं दिसण्यावरून नाही, ध्वनी कसे बदलले यावरून. एक उदाहरण. 'पाठ' म्हणजे धडा, हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. 'पाठ' म्हणजे शरीराची, तो पृष्ठ या शब्दाचा झिजलेला अवतार. हे खरं कशावरून? कारण अंगुष्ठाचा अंगठा झाला, मुष्टीची मूठ झाली, काष्ठाची काठी झाली. ष्ट-ष्ठ बोलण्यात झिजला तिथे बहुधा ठ उरला. एक उदाहरण योगायोग असू शकतं, रांगच्या रांग योगायोग नसते. मान-सन्मानातला मान आणि गळ्यामागची मान, यांचंही असंच. दुसरी मन्या या संस्कृत शब्दावरून.

खाली-पोकळ-रिकामं अशी साखळी अर्थावरून जोडली की काहीही काहीलाही जोडता येतं. त्यात माणूस खोटं बोलत नसतो, त्याला नातं दिसावं अशी ओढ असते. ती ओढ मलाही आहे.

मनोगती
शीव स्टेशनचं सांगा मग. आमच्याकडे कोणी म्हणतं शंकराचं नाव, कोणी म्हणतं इंग्रजांनी जेरुसलेमच्या सायन डोंगरावरून ठेवलं.

गिरगावकर_नाना
शीव म्हणजे हद्द. संस्कृत सीमा, तिची मराठीत शीव. मुंबई बेट तिथे संपायचं आणि पलीकडे साष्टी. गावाची शीव म्हणतो ती हीच. इंग्रजी स्पेलिंग मात्र जेरुसलेमच्या डोंगराच्या स्पेलिंगसारखं झालं आणि शहराची हद्द पवित्र डोंगर होऊन बसली.

तसंच कोट. म्हातारी माणसं अजून 'कोटात जाऊन येतो' म्हणतात, म्हणजे फोर्टात. तट १८६०च्या दशकात पाडले, शब्द राहिला. माझे आजोबा कोट घालून कोटात जात.

नवगावची
मी बरीच वर्षं इथे फक्त वाचते. आज लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण बंदराचा विषय कोणीतरी काढेल असं वाटत होतं.

मस्जिद बंदर. आधी बंदर. हिंदी भाषक मुलं हे नाव ऐकून हसतात, कारण त्यांचा बंदर म्हणजे वानरापासून आलेला, माकड. आपला बंदर फारसी, बोटी लागायची जागा. बोरी बंदर, पालवा बंदर, सगळे तेच.

आता मस्जिद. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून गावात शनिवार तेली म्हणायचे. आमची माणसं आपल्या प्रार्थनास्थळाला मराठीत मशीद म्हणायची. माझी आजी शनिवारी पदर सारखा करत म्हणायची, "मशिदीत जाऊन येते." त्या भागात सामुएल दिवेकरांनी १७९६ साली आमचं मुंबईतलं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. स्टेशनचं नाव त्या 'मशिदी'वरून आलं. शेजारचा सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा.

शब्द अरबी, अर्थ 'नमन करण्याची जागा'. मुसलमान तिथे गेले तरी बरोबर, आम्ही गेलो तरी बरोबर. पण शाळेत मी हे सांगितलं तेव्हा वर्गातल्या कोणालाच खरं वाटलं नव्हतं. "मशीद म्हणजे मशीदच, तुमची कशी असेल?" मी घरी येऊन रडले होते. आजी म्हणाली, "त्यांनी ऐकलेला शब्द वेगळा आहे, बाई." कांजूरकर, तुमच्या बाबांचं मीटिंगमधलं वाक्य वाचलं आणि तीच आठवली.

जहाजी
नवगावची ताई, आयुष्यभर त्या स्टेशनवरून गोदीत गेलो आणि हे माहीत नव्हतं. आज कळलं. लिहीत राहा.

षड्ज
आजींना नमस्कार. _/\_

अक्षरवेल
तीन दिवस आपण सगळे 'खाली'मागे लागलो. 'टाकी'कडे कोणी पाहिलंच नाही.

मराठीत टाकी म्हणजे छिन्नीही. 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' त्यातली. संस्कृत टंक, दगड फोडायचं हत्यार. आणि किल्ल्यांवर कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीला गेलात तर लेण्यांच्या दाराशी अशी कोरलेली टाकी दिसतील, डोंगरावरचं पावसाचं पाणी पन्हळींतून त्यांत उतरतं. इंग्रजी कोश 'टँक' शब्दाची व्युत्पत्ती सांगताना आपल्या गुजराती-मराठी टाक्याकडेच बोट दाखवतात, जोडीला पोर्तुगीजांचा 'तांके'. म्हणजे शब्द बहुधा आपल्याकडून गेला, परदेश फिरला, आणि पाणीकपातीत टँकर होऊन आपल्याच सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभा राहतो.

पाववाला
उद्या आमच्याकडे टँकर येणार आहे. आता त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघणार.

कांजूरकर
सगळ्यांचे आभार. अक्षरवेल, माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. खाली दोन, राग एक, पाव तीन. हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. नवगावची ताईंचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला.

काल बाबा आणि वॉचमन मिळून रंगाचा डबा घेऊन बसले होते. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणावर 'तळटाकी' लिहिलं, वरच्या टाकीवर 'गच्चीची टाकी'. अक्षर वॉचमनचं, छान वळणदार आहे. पंपाच्या स्विचशेजारी बाबांनी एक पुठ्ठा लावलाय: 'रिकामी असेल तरच चालू करणे.' 'खाली' शब्द मुद्दाम टाळला.

मुलाने तो वाचला आणि विचारलं, "काका, रिकामी माने?"

बाबा म्हणाले, "खाली."

दोघेही बराच वेळ हसत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नवे पापड घातलेत, यावेळी गॅलरीच्या आत.